वांड आणि गुणी

अंगणवाडीत मुलाचं वजन दर महिन्याला होतं. उंची मोजली जाते, दंडाचा घेर बघितला जातो, आणि मूल 'सॅम'मध्ये (तीव्र कुपोषणात) बसतं की 'मॅम'मध्ये (मध्यम कुपोषणात), ते पोषण ट्रॅकर सेविकेला मोबाइलवर तिथल्या तिथं सांगतं. हे ॲप २०२१ मध्ये आलं. पूर्वी हेच सगळं अकरा नोंदवह्यांत भरावं लागे. कोण किती दिवस हजर, कुणाला गरम आहार मिळाला, कुणाची लस राहिली, सगळ्याला रकाना आहे. रोज सकाळी दाराशी आईचा पदर धरून अर्धा तास रडणाऱ्या मुलीला मात्र रकाना नाही. शेजारच्याच्या हातातला ठोकळा हिसकावून त्याच्याच डोक्यात घालणाऱ्या मुलालाही नाही. आणि दिवाळीपासून कुणाशी अवाक्षर न बोललेल्या मुलाला तर नाहीच, कारण त्याचा कुणाला त्रासच नाही.

रकाना नसला म्हणून नोंद होत नाही असं नाही. ती तोंडी होते. कोल्हापूरच्या कुठल्याही वस्तीतल्या अंगणवाडीत सेविकेला मुलांबद्दल विचारा, ती एकेकाकडे बोट करून सांगेल : "हे लई वांड हाय", "ही गुणी, बसवंल तिथं बसती", "ह्येचं ध्यानच नसतंय बघा", "ते घुमं हाय, खायापुरतं तोंड उघडतंय." जूनमध्ये नवी मुलं आली की पंधरवड्यात अशी वर्गवारी तिच्या डोक्यात तयार असते, आणि ती बरीचशी बरोबरही असते. या वर्गवारीचं मोजमाप करता येईल का आणि केलं तर त्यावर किती भरवसा ठेवायचा, हा मानसशास्त्रज्ञांचा जवळपास शंभर वर्षांचा खटाटोप आहे.

बाईंनाच का विचारायचं, याची कारणं साधी आहेत. तीन ते सहा वर्षांचं मूल प्रश्नावली भरू शकत नाही. 'तुला कसं वाटतं?' या प्रश्नाला ते 'भूक लागली' असं उत्तर देतं, आणि ते खरंही असतं. डॉक्टरांना मूल दिसतं दहा मिनिटं, तेही सुईच्या भीतीनं आक्रसलेलं. आईला ते चोवीस तास दिसतं, पण तिच्याकडे तुलनेला घरातलीच एक-दोन पोरं. एका वयाची पंचवीस-तीस मुलं एका खोलीत, महिनोन् महिने, खेळताना, जेवताना, भांडताना पाहणारी व्यक्ती एकच असते. चार वर्षांचं मूल साधारण किती वेळ एका जागी बसतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

महाराष्ट्रात ही व्यक्ती गरिबांच्या वस्तीत आधीपासून बसलेली आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी त्यांत होती. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जातात तर कुरणात न्यायची, असा त्यांचा खाक्या होता. मूल जिथं खरोखर वावरतं तिथंच त्याला पाहायचं, ही आजच्या मूल्यमापनशास्त्रातली महत्त्वाची अट. पाड्यावरच्या अंगणात ती कुणी न सांगता पाळली जात होती.

परदेशात बाईंना विचारून वर्तन मोजण्याच्या या प्रकाराला सुरुवात झाली ती शिक्षकांना एक टोमणा बसूनच. १९२८ मध्ये ई. के. विकमन या अमेरिकन अभ्यासकानं शिक्षकांना आणि मुलांच्या मनाचे आजार पाहणाऱ्या तज्ज्ञांना वर्तनाच्या तक्रारींची एकच यादी दिली आणि कुठली किती गंभीर ते ठरवायला सांगितलं. शिक्षकांच्या यादीत वर आल्या त्या वर्ग बिघडवणाऱ्या गोष्टी : उद्धटपणा, आज्ञा न पाळणं, चोरी, मारामारी. तज्ज्ञांच्या यादीत वर आलं ते एकलकोंडेपण, सतत उदास राहणं, सगळ्यांचा संशय घेणं. पुढे या अभ्यासाच्या पद्धतीवर टीका झाली, कारण दोन्ही गटांना दिलेल्या सूचना अगदी सारख्या नव्हत्या. तरी मुख्य मुद्दा पुसला गेला नाही. ज्याच्यामुळे काम अडतं ते मूल लिहिलं जातं. जे कोपऱ्यात मुकाट बसतं ते सुटतं. त्यातून ती मुलगी असेल तर सुटतं एवढंच नाही, तिला 'गुणी'चं प्रशस्तिपत्रही मिळतं.

त्यानंतर प्रश्नावल्या सुधारत गेल्या. ब्रिटनमध्ये मायकेल रटर यांनी १९६७ मध्ये शाळेतल्या शिक्षकांसाठी एक छोटी यादी केली. तिचा धागा धरून लेनोर बेहार आणि सॅम्युएल स्ट्रिंगफील्ड यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात बालवाडीसाठी ३० वाक्यांची यादी बनवली. प्रत्येक वाक्यापुढे ०, १ किंवा २ : लागू नाही, कधीकधी लागू, हमखास लागू. उत्तरं तीन गठ्ठ्यांत पडली : मारकुटी-आक्रमक, भित्री-चिंताग्रस्त, चंचल-लक्ष न लागणारी. सेविकेची 'वांड', 'घुमं' आणि 'ध्यान नसलेलं' ही वर्गवारी यापेक्षा फार लांब नाही, हे पाहून गंमत वाटते. १९९७ मध्ये रॉबर्ट गुडमन यांची २५ वाक्यांची प्रश्नावली आली आणि जगभर पसरली. तिच्यात एक शहाणपणाची भर होती : २० वाक्यं अडचणींची, पण पाच चांगल्या वागण्याची. दुसऱ्याला लागलं तर मदतीला जातो का, लहानांशी नीट वागतो का, वाटून घेतो का. कागदावर चांगलं लिहायला जागा असली की लिहिणारी बाई चांगलं शोधतेही.

गरीब घरांतल्या मुलांपुरतं बोलायचं तर त्याहून मोलाचं काम फिलाडेल्फियात झालं. अमेरिकेत १९६५ पासून गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी हेड स्टार्ट नावाच्या सरकारी बालवाड्या चालतात. आपल्या अंगणवाडीच्या त्या थोरल्या बहिणी. तिथल्या मुलांसाठी जॉन फँटुझो, पॉल मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेल्या प्रश्नावलीत 'हे मूल आक्रमक आहे का?' असं कुठंच विचारलेलं नाही. त्यात प्रसंग आहेत. सकाळी आल्यावर हे मूल बाईंना कसं भेटतं? रांगेत आपली पाळी यायची असताना काय करतं? मदत हवी असली तर काय करतं? नवं काम दिलं तर? मोकळ्या खेळात? प्रत्येक प्रसंगाखाली वागण्याच्या बारीक नोंदी, वाईट तशाच चांगल्याही, आणि जे दिसलं त्यावर खूण करायची. सगळ्या मिळून १४४ नोंदी. या रचनेतून जे हाती येतं ते बेरजेपेक्षा उपयोगी असतं. एखादा मुलगा खेळात, जेवणात, गोष्टीत शहाण्यासारखा वागतो आणि फक्त रांगेत ढकलाढकली करतो. तर मग बिघाड रांगेत आहे. तीस मुलांना एका नळावर हात धुवायला उभं केलं तर कुणीही ढकलतं.

बाई जो आकडा देते तो मुलाचा एकट्याचा नसतो, असं मला वाटतं. तो ते मूल, ती खोली आणि ती नजर या तिघांचा मिळून असतो. वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या मुलाचं वजन काट्याच्या मूडवर ठरत नाही, खोलीत किती गर्दी आहे यावरही नाही. वर्तनाचं मोजमाप मात्र ठरतं. हे म्हणायला पुरावा आहे. थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की एकाच मुलाबद्दल दोन माणसं किती सारखं सांगतात. आई आणि वडील, किंवा एकाच शाळेतले दोन शिक्षक, म्हणजे मुलाला एकाच जागी पाहणारे, बऱ्यापैकी जुळत होते, सहसंबंध ०.६०. आईबाप एकीकडे आणि शिक्षक दुसरीकडे असे धरले, तर तो घसरून ०.२८ च्या आसपास. पुष्कळांनी यातून निष्कर्ष काढला की दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. आकेनबाख यांनी तो काढला नाही. मूल घरी एक असतं, शाळेत एक असतं. "घरात जीव खातंय" म्हणणारी आई आणि "आमच्यात तर गप बसतंय" म्हणणाऱ्या ताई, दोघींचं एकाच वेळी खरं असू शकतं. उलट दोघींचं जुळलं तर ती गोष्ट जास्त काळजीची, कारण मग ती मुलाबरोबर सगळीकडे जाते आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हा 'खोली'चा भाग फार मोठा आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर येणारं तीन-चार वर्षांचं पोर. ते कागल, शिरोळ, हातकणंगल्याच्या फडाशेजारी पालात राहतं, पहाटे आईबाप उठून जातात तेव्हा झोपलेलं असतं, आणि एखाद्या सेविकेनं मनावर घेतलं तर तिच्या अंगणवाडीत येतं. मार्चपर्यंत. अशा मुलाबद्दल नोव्हेंबरात कुणी फॉर्म भरला तर 'नव्या गोष्टींना घाबरतो', 'एकटा बसतो', 'चटकन रडतो' यांपुढे दोनदोन गुण पडणारच. ते मुलाचे गुण नव्हेत, प्रवासाचे आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तरेकडून आलेल्या कामगारांची मुलं वेगळ्या पेचात असतात : घरात भोजपुरी, गल्लीत हिंदी, अंगणवाडीत मराठी. गडहिंग्लजच्या बाजूला हाच पेच कानडीचा. नवी भाषा कानावर पडत असताना लहान मूल काही महिने बोलतच नाही, नुसतं ऐकतं. ही शिकण्याची नेहमीची पायरी आहे. फॉर्मवर मात्र ती 'घुमं' म्हणून उतरते.

पावसाळ्याचंही तसंच. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशाऱ्याची आणि ४३ फुटांना धोक्याची धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या गावांपर्यंत माणसं शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या फरशीवर निजली. अशा उलथापालथीनंतर चार वर्षांची मुलं पुन्हा अंथरुण ओलं करू लागतात, आईला सोडत नाहीत, पावसाचा आवाज वाढला की बिथरतात. जगभरच्या आपत्तींनंतर हे दिसलेलं आहे, आणि बहुतेक मुलांत ते काही महिन्यांत ओसरतं. गुडमन यांच्या प्रश्नावलीत 'गेल्या सहा महिन्यांत' असं म्हटलेलं असतं ते बरंच आहे, पण सप्टेंबरात भरलेल्या फॉर्ममध्ये ते सहा महिने कुठले, हे कोपऱ्यात लिहून ठेवलंच पाहिजे. फॉर्मवर तारीख असते. पूर होता की नाही, याची नोंद नसते.

आता शरीराकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोह कमी असलेली तान्ही मुलं कशी वागतात हे बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकात बारकाईनं पाहिलं : ती आईला जास्त चिकटून राहतात, बिचकतात, कमी हसतात, कमी खेळतात. ही मुलं पुढे बालवाडीत येतात तेव्हा 'शांत' म्हणून नावाजली जाण्याची भीती आहे. कानाचं त्याहून सरळ आहे. सर्दी उतरून मधल्या कानात पाणी साचलं की ऐकू कमी येतं, तेही एक दिवस कमी, एक दिवस ठीक. कान वाहणारी मुलं ही वस्तीत इतकी नेहमीची गोष्ट, की त्याला कुणी आजारही म्हणत नाही. त्या मुलाच्या नावापुढे 'सांगितलेलं ऐकत नाही' या वाक्याला २ पडतात, आणि वाक्य शब्दशः खरं असतं! म्हणून वर्तनाचा कुठलाही फॉर्म भरण्याआधी कान, डोळे, रक्त आणि रात्रीची झोप एवढं विचारावं, हे मला फॉर्मपेक्षाही निकडीचं वाटतं.

खुद्द वाक्यांचीही तपासणी करावी लागते. बेहार-स्ट्रिंगफील्ड यादीत 'खेळणी वाटून घेत नाही' हे अडचणीचं लक्षण आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या बालवाडीत, जिथं खेळण्यांची कपाटं भरलेली, तिथं असेलही. तीस मुलांत एक चेंडू आणि ठोकळ्यांची अर्धी पेटी असेल, तर जे मूल हातातलं सोडतं त्याच्या हाती पुन्हा काही लागत नाही. तिथं घट्ट धरून बसणं हा हिशेब आहे. म्हणूनच परदेशी फॉर्मचं मराठी करून त्यांचीच सीमारेषा इथं लावणं, म्हणजे १७ गुण पडले की ते बिघडलेलं आणि १६ ला ते ठीक असं करणं, चुकीचं. आधी इथल्या शेकडो मुलांचे गुण काढून इथलं नेहमीचं काय ते ठरवावं लागतं. आधी जमिनीची मोजणी, मग हद्दीचे दगड.

नजरेचं काय? एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. ज्याला एका गुणात वरचा शेरा त्याला सगळ्यांतच वरचा. बुद्धी, नेतृत्व, अंगकाठी, स्वभाव सगळं एकाच प्रभेत न्हालेलं. बालवाडीत ही प्रभा स्वच्छ गणवेश, तेल लावून विंचरलेले केस आणि 'नमस्ते ताई' यांतून येते. शेंबडं नाक आणि कालचाच सदरा यांतून उलटी येते. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी २०१६ मध्ये याहून टोकदार प्रयोग केला. बालवाडीच्या शिक्षकांना चार मुलांची चित्रफीत दाखवली, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी, एक काळा मुलगा, एक काळी मुलगी, आणि सांगितलं, दंगा होण्याची चिन्हं दिसतात का पाहा. फितीत दंगा नव्हताच. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रानं दाखवलं की नजरा जास्त वेळ काळ्या मुलावर खिळल्या होत्या. जिथं जास्त पाहिलं जातं तिथं जास्त सापडतं.

आपल्याकडे या नजरेला जात आहे, वस्ती आहे. पालातल्या मुलाकडे खडूची पेटी हरवल्यावर पहिल्यांदा पाहिलं जातं. कोल्हापूरकरांना तर याचा इतिहास ठाऊक असायला हवा. संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा कुणी केलेला नसे, तो जन्मावरून गृहीत धरलेला असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. मुलांच्या वर्तनाची नोंदवही चुकीच्या हातात पडली तर ती पुन्हा हजेरीच होते. चौथ्या वर्षी 'आक्रमक' असा शिक्का बसलेलं मूल पहिलीत जाण्याआधी तो शिक्का पहिलीत पोचलेला असतो, आणि मग बाई त्याला शोधतातच.

या भीतीमुळे काही जण म्हणतात, मोजूच नका. कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांच्यासारख्यांनी मुलाला आकड्यात बसवण्याला आयुष्यभर विरोध केला, आणि मुलांचं निरीक्षण मात्र कुणापेक्षाही बारकाईनं करायला शिक्षकांना शिकवलं. त्यांचा आकड्यांवरचा राग मला समजतो. पण सृजन आनंदसारख्या शाळेत शिक्षकाला मुलासाठी वेळ असतो. जिथं एकटी सेविका सर्वेक्षण, लसीकरण, गरोदर बायांच्या भेटी, पोषण ट्रॅकर आणि तीस मुलं सांभाळते, तिथं एक नीट बनवलेला कागद तिच्याकडून सुटणारं मूल पकडू शकतो. कागदाशिवाय वर्गवारी थांबत नाही. ती नुसती अदृश्य होते, आणि मुकं मूल तर तिच्यात येतच नाही.

मात्र कागद काय करू शकतो आणि काय नाही, हे आकड्यांतच पाहिलेलं बरं. समजा १०० मुलं आहेत, त्यांतली १० खरोखर अडचणीत. फॉर्म चांगला आहे : अडचणीतल्या दहांपैकी आठ पकडतो, आणि ठीक असलेल्या दर दहांतल्या आठांना ठीक म्हणतो. म्हणजे अडचणीतली ८ सापडली, पण उरलेल्या ९० पैकी १८ मुलांवर उगाच बोट आलं. बोट आलेली एकूण २६, त्यांत खरी ८. प्रत्येक तीन संशयितांत दोन निर्दोष! चांगल्या फॉर्मची ही कथा. म्हणून फॉर्मचं उत्तर 'या मुलाकडे पुन्हा नीट बघा' एवढंच असू शकतं. त्यापुढे एक शब्दही ते बोलू शकत नाही.

नीट बघायचं म्हणजे काय, ते फारसं अवघड नाही. मूल आल्यापासून निदान महिना-दीड महिना जाऊ द्यावा. पहिल्या आठवड्यातलं रडणं कुणाचंच खरं नसतं. विशेषणं लिहू नयेत, दिसलं ते लिहावं : 'मारकुटा' नव्हे, 'मंगळवारी खेळताना दोनदा चावला, दोन्ही वेळा ठोकळा काढून घेतल्यावर'. यादी नावांच्या क्रमानं घ्यावी, आठवणीत आधी येणाऱ्यांच्या नव्हे. त्यामुळे आठवणीत न येणाऱ्यांवरही वेळ जातो. कुणाच्या नावापुढे काहीच सुचत नसेल तर त्या मुलाकडे उद्यापासून पाहायचं, हीच त्या दिवसाची कमाई. आणि मदतनीस ताईंना वेगळा कागद द्यावा. त्या मुलांना घरून आणतात, हात धुतात, भरवतात. सेविकेला गोष्ट सांगताना दिसणारं मूल आणि त्यांना वाटेत दिसणारं मूल वेगळं असतं. दोघींनी एकमेकींचं न बघता भरायचं. जिथं जुळत नाही तिथं चूक कुणाची हे ठरवत बसण्यापेक्षा, त्या दोन वेळांत फरक काय होता ते बघावं. मदतनिसांना असं काही कुणी विचारत नाही, त्यांच्याकडून फक्त कामं करून घेतली जातात, हा या योजनेतला जुना आंधळेपणा.

नाव निघालं, पुढे काय? कागदावर रस्ता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, अनेक प्रकारचे दोष आणि आजार तपासतात. ऐकू न येणं, बोलणं उशिरा येणं, स्वमग्नता, अतिचंचलता त्यांत आहे. संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. मात्र चंदगड तालुक्यातल्या बाईला जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब पडतं. जाऊन-येऊन दिवस गेला, म्हणजे मजुरी गेली, आणि दुसऱ्या तारखेला ती येत नाही. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची वाढ खुंटली आहे, त्यांना नेलंच पाहिजे. पण बाकीच्या मोठ्या गटाचं काय करायचं ते अंगणवाडीतच करावं लागणार.

ते होऊ शकतं, याला चांगला आधार आहे. सिबेल रेव्हर यांनी शिकागोतल्या हेड स्टार्टच्या ३५ वर्गांत केलेल्या अभ्यासात मुख्य भर मुलांवर उपचार करण्यावर नव्हता. त्यांतल्या काही वर्गांतल्या बाईंना मुलं हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं आणि आठवड्याला एक समुपदेशक वर्गात येऊन त्यांच्या शेजारी बसू लागला, त्यांचा स्वतःचा ताणही ऐकू लागला. मुलांच्या उदासीपणाच्या आणि आक्रमकपणाच्या नोंदी कमी झाल्या. दुसरा पुरावा पैशाचा आहे. जेन कॉस्टेलो यांचा चमू नॉर्थ कॅरोलायनात मुलांच्या वर्तनाचा अभ्यास करत असताना १९९६ मध्ये तिथल्या चेरोकी लोकांचा कॅसिनो उघडला आणि त्यांतल्या प्रत्येकाला त्यातून वाटा मिळू लागला. दारिद्र्यातून वर आलेल्या घरांतल्या मुलांचा हट्टीपणा आणि मारकुटेपणा चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका खाली आला. चिंता आणि उदासी मात्र तशी हलली नाही. कारण शोधताना एक गोष्ट ठळक दिसली : आईबापांना मुलांवर लक्ष ठेवायला उसंत मिळाली होती. पहाटे चारला फडावर जाणाऱ्या आईला संगोपनाचं व्याख्यान देण्याआधी हा निकाल वाचावा.

तीन महिन्यांनी फॉर्म पुन्हा भरावा, आणि गुण उतरले तर लगेच आनंदू नये. एकदा फार वर गेलेले आकडे दुसऱ्या वेळी आपोआपही थोडे खाली येतात, पाऊस संपलेला असतो, बाईंना मुलाची सवय झालेली असते. निवडलेल्यांबरोबर दोन-चार न निवडलेल्या मुलांचाही फॉर्म दोन्ही वेळा भरला, तर यातलं किती मुलाचं आणि किती ऋतूचं ते कळतं. आणि मूल सहाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाईल, तेव्हा गुणांची बेरीज त्याच्याबरोबर पाठवू नये. पहिलीच्या बाईंना द्यायच्या त्या एवढ्याच ओळी : डाव्या कानानं कमी ऐकतो, उजवा कान तुमच्याकडे येईल असा बसवा, कानडीत विचारलं तर उत्तर देते, डबा खाल्ल्याशिवाय याला काही सांगू नका.